पिस्तुलाची ग्रिप आणि फ्रेम: हातात काय बसतं, आणि ते कोण ठरवतं

वर्षानुवर्षं १९११ घराण्याचं पिस्तूल (१९११ म्हणजे अमेरिकी सैन्याचं जुनं पोलादी पिस्तूल) चालवलेल्या माणसाच्या हातात ग्लॉक, म्हणजे प्लास्टिकच्या फ्रेमचं आधुनिक पिस्तूल, द्या. डोळे मिटून नेम धरायला सांगा आणि मग डोळे उघडायला सांगा. नळीच्या टोकावरची फोरसाइट मागच्या बॅकसाइटच्या खाचेच्या वर निघालेली दिसेल, म्हणजे नळी वर पाहते आहे. ग्लॉकवर हात बसलेल्या माणसानं १९११ उचललं की याच्या बरोबर उलट होतं, नळी खाली झुकते. दोन्ही पिस्तुलं चांगली आहेत, दोन्ही हात तयार आहेत. फरक आहे तो फक्त साधारण ४ अंशांचा. नळीशी काटकोन धरला, तर १९११ ची मूठ त्यापासून सुमारे १८ अंश मागे कललेली असते आणि ग्लॉकची सुमारे २२ अंश. मनगटाला एका कोनाची सवय लागली, की ते न सांगता त्याच कोनात कुलूप घालतं.

कोणता कोन चांगला, या वादात अर्थ नाही. १८ अंशांना मनगट थोडं मोकळं राहतं. २२ अंशांना ते थोडं पुढे-खाली वळवून ताठ करावं लागतं, आणि काही हातांना तो ताठरपणा धक्का सोसायला बरा वाटतो. अर्थ आहे तो ही गोष्ट बदलता येत नाही, हे समजण्यात. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, मुठीतून जातं, म्हणून मुठीचा कोन म्हणजे मॅगझिनच्या विहिरीचा कोन. तो फ्रेमच्या साच्यातच ठरलेला असतो. वरून रबर चढवा, लाकूड लावा, मागची पट्टी बदला, हाताला जाणवणारा कोन थोडा हलेल, पण विहीर हलणार नाही. म्हणून पिस्तुलांची तुलना करताना आधी फ्रेम पाहायची आणि मग ग्रिप. दुकानात नेमकं उलटं होतं. डोळा आधी ग्रिपच्या नक्षीवर जातो.

फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा. स्लाइड, म्हणजे नळीवरचं पोलादी आवरण, तिच्यावर मागे-पुढे सरकते, ट्रिगर आणि त्याची यंत्रणा तिच्यात बसते, मॅगझिन तिच्यात शिरतं. ग्रिप म्हणजे हात धरतो तो भाग. जुन्या धातूच्या पिस्तुलांत ग्रिप म्हणजे फ्रेमच्या दोन बाजूंना स्क्रूनं लावलेल्या पट्ट्या. मुठीची पुढची आणि मागची कड उघड्या धातूचीच असते. ग्लॉकसारख्या पॉलिमर, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या, पिस्तुलांत पट्ट्या नाहीतच, फ्रेम हीच ग्रिप. या एका फरकातून पुढचे अर्धे प्रश्न निघतात.

मुठीची जाडी काडतूस ठरवतं

काडतूस मॅगझिनमध्ये आडवं झोपतं, टोक पुढे करून. त्यामुळे मुठीची पुढून मागची खोली काडतुसाच्या लांबीपेक्षा कमी होऊच शकत नाही. ९ बाय १९ मिमीचं काडतूस साधारण २९.७ मिमी लांब असतं, .४५ एसीपी साधारण ३२.४ मिमी, .३२ एसीपी साधारण २५ मिमी. यात मॅगझिनचा पत्रा, फ्रेमची पुढची-मागची भिंत आणि मुठीच्या मागच्या बाजूला असलेली हॅमरची (गोळी उडवणाऱ्या घोड्याची) स्प्रिंग मिळवा, म्हणजे खोली आली. ही खोली वाढली की तळहाताच्या मागच्या कडेपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर वाढतं. लहान हाताची खरी अडचण इथे असते, मुठीच्या घेरात नाही.

रुंदी ठरते ती काडतुसं एका ओळीत रचली आहेत की एकमेकांत खेटून दोन ओळींत, यावर. १९११ मध्ये ओळ एकच, म्हणून .४५ चं काडतूस असूनही मूठ खोल पण चपटी, आणि चपटी मूठ बऱ्याच हातांना आवडते. ब्राउनिंग हाय-पॉवर १९३५ साली आलं ते १३ काडतुसांचं दुहेरी मॅगझिन घेऊन. हे मॅगझिन बेल्जियमच्या द्युदोने सैव्ह यांनी घडवलं. दुहेरी मॅगझिन असूनही हाय-पॉवरची मूठ आजही सडपातळ वाटते, आणि त्यामागची करामत ट्रिगरच्या जोडणीत आहे. १९११ चा ट्रिगर मागे सरळ सरकतो आणि त्याची चौकट मॅगझिनला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जाते. हाय-पॉवरमध्ये हा वळसाच काढून टाकला. ट्रिगर एक दांडी वर ढकलतो, ती स्लाइडमधल्या दुसऱ्या दांडीला उचलते आणि तिथून हॅमर सुटतो. मुठीच्या बाजूंना यंत्रणेची जागाच लागत नाही, म्हणून रुंदी वाचली. किंमत मोजावी लागली ती ट्रिगरच्या दाबात. हाय-पॉवरचा ट्रिगर १९११ इतका स्वच्छ कधीच लागत नाही.

आपल्याकडे सैन्यात आणि पोलिसांत हेच पिस्तूल ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ या नावानं ओळखीचं आहे, इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. ज्यांच्या हातात ते गेलं आहे त्यांना त्याचा एक चावाही माहीत असेल. मूठ उंच धरली की मागे येणारा हॅमर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याची कातडी चिमटीत पकडतो. हा दोष हाताचा नाही, फ्रेमचा आहे. मागची शेपटी आखूड आहे.

मागची शेपटी आणि बेचकं

फ्रेमच्या मागच्या बाजूला, मुठीच्या अगदी वर जो भाग बाहेर आलेला असतो त्याला शूटर ‘बीव्हरटेल’ म्हणतात. त्याचं एक काम म्हणजे हॅमर आणि स्लाइडपासून बेचकं वाचवणं. वॉल्थर पीपीकेसारख्या छोट्या पिस्तुलांत तर हॅमरऐवजी स्लाइडच्या खालच्या कडा मांसल हातावर दोन समांतर ओरखडे काढतात. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. हात निर्धास्तपणे वर नेता येणं.

हात वर का न्यायचा? गोळी सुटताना धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. हात त्या रेषेच्या खाली आहे. दोघांमधलं उभं अंतर जितकं जास्त, तितकं पिस्तूल मनगटाभोवती वर उसळतं. हातोड्याचा दांडा टोकाशी धरून ठोकणं आणि डोक्याजवळ धरून ठोकणं यात मनगटाला जो फरक जाणवतो, तसाच हा. या अंतराला बोअर ॲक्सिसची उंची म्हणतात. ग्लॉकमध्ये बाहेरचा हॅमर नाही, म्हणून फ्रेमची मागची बाजू उंच कोरता आली आणि हात नळीच्या खूप जवळ जातो. सीझेड ७५ या चेक पिस्तुलात हेच वेगळ्या वाटेनं साधलं. साधारणपणे स्लाइड फ्रेमच्या रुळांना बाहेरून कवटाळते. कुत्स्की बंधूंनी घडवलेल्या सीझेडमध्ये स्लाइड फ्रेमच्या आतल्या रुळांत सरकते, म्हणजे ती फ्रेममध्ये बसलेली असते. स्विस सैन्याचं १९४९ चं सिग पी२१० याच पद्धतीचं, आणि अचूकतेसाठी त्याचं नाव अजून घेतलं जातं. लांब रुळांमुळे स्लाइड डुगडुगत नाही. तोटा एकच, पण रोजचा. स्लाइडचा बराच भाग फ्रेमच्या आत गेल्यानं स्लाइड ओढायला बोटांना जेमतेम पकड मिळते. घामट हातांनी हे पिस्तूल दहा वेळा कॉक करून, म्हणजे स्लाइड मागे ओढून, पाहिल्याशिवाय निवडू नये.

१९११ मध्ये उंच पकडीचा आणखी एक गुंता आहे. त्याच्या मागच्या कडेला ग्रिप सेफ्टी असते. तळहातानं ती दाबली गेली नाही तर गोळी सुटत नाही. अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर ठेवून हात वर चढवला की तळहात मध्यभागी पोकळ होतो, आणि सेफ्टी अर्धवट दाबली जाते. ट्रिगर दाबूनही काहीच होत नाही, आणि नवशिक्याला वाटतं काडतूस फुसकं आहे. म्हणून नव्या १९११ च्या ग्रिप सेफ्टीवर खालच्या बाजूला एक उंचवटा दिलेला असतो. पोकळ तळहातही तिथे टेकतो. जुन्या घडणीचं पिस्तूल घेत असाल तर हा उंचवटा आहे का, ते बोटानं चाचपून पाहा.

याच पिस्तुलाची मागची कड हा ग्रिपच्या इतिहासातला एक बोलका धडा आहे. अमेरिकी सैन्यानं १९११ साली ते स्वीकारलं तेव्हा ही कड सपाट होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात, ती फुगीर केली, ट्रिगर आखूड केला, ट्रिगरच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी बोटासाठी खोलगट जागा कोरली आणि शेपटी लांबवली. १९११ए१ म्हणतात ते हेच. फुगीर कड तळहाताच्या खालच्या भागाला मागे ढकलते, त्यामुळे नळी वर येते. जे लोक खाली मारत होते त्यांच्यासाठी हा उपाय होता. आज बहुतेक स्पर्धक परत सपाट कडच लावतात. सैन्याला हजारो हातांचा सरासरी हात बघायचा होता, तुम्हाला तुमचा एकच बघायचा आहे.

पोलाद, ॲल्युमिनियम, पॉलिमर

पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पावणेतीन पटींहून जास्त असते, आणि काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या पाचपटींहून जास्त. पूर्ण आकाराचं पोलादी १९११ रिकामं असताना सुमारे १.१ किलो भरतं. ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ७०० ग्रॅम. दोन्हींतून तेच ९ मिमीचं काडतूस उडवलं, तर हलक्या पिस्तुलाच्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून थोडी जास्त होते. पॉलिमरची फ्रेम किंचित लवते आणि धक्का जरा पसरून पोचतो, हे खरं, पण ते लवणं वजनाची बरोबरी करत नाही.

वजनापेक्षा वजन कुठे आहे, हे जास्त जाणवतं. पॉलिमर पिस्तुलात वरची स्लाइड पोलादी आणि खालची मूठ हलकी, म्हणजे पिस्तूल डोक्याशी जड. ९ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं धरलं तर १७ काडतुसांचे २०० ग्रॅम होतात. पहिल्या गोळीला हे २०० ग्रॅम मुठीत असतात, शेवटच्या गोळीला नसतात. पोलादी फ्रेममध्ये हा फरक एकूण वजनात मुरून जातो, पॉलिमरमध्ये हाताला कळतो.

हलक्या फ्रेमचा दुसरा परिणाम म्हणजे ढिल्या मनगटाची अडकण. स्लाइड मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते ती फ्रेम जागेवर थांबलेली असते म्हणून. मनगट ढिलं ठेवलं की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडला फ्रेमच्या तुलनेत पूर्ण धाव मिळत नाही, आणि पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकते. पोलादी फ्रेम स्वतःच्या जडपणानं बरीचशी जागेवर राहते आणि ढिलं मनगट खपवून घेते. पॉलिमर खपवून घेत नाही. नवशिक्याच्या हातात पॉलिमर पिस्तूल वारंवार अडकत असेल, तर स्प्रिंग किंवा काडतुसाला दोष देण्याआधी अनुभवी हातात एक मॅगझिन चालवून पाहा. तिथे नीट चाललं तर दुरुस्ती मनगटाची आहे.

पॉलिमर फ्रेममध्ये स्लाइडचे रूळ प्लास्टिकचे असतात, असा एक गैरसमज फिरतो. ग्लॉकमध्ये रुळांच्या जागी पोलादी तुकडे साच्यातच ओतलेले असतात, चार छोटे. स्लाइड त्यांच्यावर सरकते.

बदलत्या पट्ट्या आणि सुटी फ्रेम

पॉलिमर मुठीची जाडी कानशीनं कमी करता येत नाही, म्हणून कंपन्यांनी मागची पट्टी सुटी केली. वॉल्थर पी९९ नं १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. ग्लॉकनं २०१० च्या चौथ्या पिढीत मूळ मूठ थोडी आखूड करून वरून चढवायच्या पट्ट्या दिल्या. हेकलर अँड कॉखच्या व्हीपी९ मध्ये मागे तीन आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन मापं आहेत, म्हणजे २७ जोडण्या. यात बाजूच्या पट्ट्या वेगळ्या असणं ही खरी सोय आहे. मागची पट्टी जाड केली की तळहात भरतो, पण ट्रिगरही लांब जातो. बाजूची पट्टी जाड केली की तळहात भरतो आणि ट्रिगरचं अंतर फारसं वाढत नाही. लांब, सडपातळ हातांसाठी आणि छोट्या, मांसल हातांसाठी लागणारी जोडणी म्हणूनच वेगवेगळी असते.

सिगच्या पी३२० नं याच्या पुढचं पाऊल टाकलं. ट्रिगरची सगळी यंत्रणा आणि स्लाइडचे रूळ एका पोलादी चौकटीत बसवले, क्रमांक त्या चौकटीवर कोरला, आणि मूठ म्हणजे नुसतं बदलता येणारं कवच झालं. अमेरिकी सैन्यानं २०१७ साली एम१७ आणि एम१८ म्हणून निवडलं ते हेच पिस्तूल. एकाच यंत्रणेवर लहान, मध्यम, मोठी मूठ चढते. पण चौकट आणि कवच यांच्यात सांधा आला, आणि सांधा आला की थोडी ढिलाई आली. म्हणून स्पर्धेसाठी याच पिस्तुलाची धातूची, जड कवचं विकली जातात.

बोटांच्या खाचांबद्दल मत ठाम आहे. नको. ग्लॉकनं तिसऱ्या पिढीत मुठीच्या पुढच्या कडेवर खाचा दिल्या आणि २०१७ च्या पाचव्या पिढीत त्या काढून टाकल्या. तुमची बोटं त्या साच्याच्या मापाची असली तर स्वर्ग, नाहीतर बोट उंचवट्यावर चढतं, पकड पोकळ होते आणि हात अर्धा सेंटीमीटर खाली घसरतो. सरळ कड कुठल्याही हाताला चालते. ट्रिगर गार्डच्या खाली, मधलं बोट टेकतं तिथे, कोरलेली खोलगट जागा मात्र शोधून घ्या. ती असली की सगळा हात दोन-तीन मिलिमीटर वर जातो आणि मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा पडत नाही.

खरखरीतपणा

धातूच्या मुठीच्या पुढच्या कडेवर चौकटीच्या रेषा कोरतात त्याला चेकरिंग म्हणतात. ते इंचाला किती रेषा, या मापात सांगतात. २० म्हणजे दोन रेषांत १.२७ मिमी, २५ म्हणजे जवळपास १ मिमी, ३० म्हणजे ०.८५ मिमी. आकडा लहान तितके दात मोठे. २० चं चेकरिंग ओल्या हातातही सुटत नाही, पण दिवसाला दोनशे गोळ्या झाडल्या की कातडी सोलते. रोजच्या सरावाला २५ पुरेसं. लाकडी पट्ट्यांवरचे बारीक दात दिसायला सुरेख असतात, पण काही महिन्यांत घामानं आणि मळानं भरून गुळगुळीत होतात. जुना टूथब्रश आणि किंचित खनिज तेल यांनी ते साफ होतात. पाणी लावू नये.

पॉलिमरवर सोल्डरिंग आयर्ननं ठिपके पाडून खरखर करण्याची टूम आहे, तिच्यापासून लांब राहा. फ्रेमची भिंत पातळ असते, खोल गेलेला ठिपका परत भरत नाही, वाफ फुफ्फुसाला वाईट. खरखरीत चिकटपट्टी कापून लावली तर तेच काम होतं आणि चुकलं तर सोलून काढता येतं.

मॅगझिन पुढे नेलं, आणि मूठ मोकळी झाली

आता वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा पुण्यात बालेवाडीला जे पिस्तूल प्रत्यक्ष दिसतं त्याकडे येऊ. आपल्याकडे ९ मिमी हा सर्वसाधारण परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे. २५ मीटरच्या स्पर्धेत दिसतं ते .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाचं सेमी-ऑटोमॅटिक. पार्दिनी, वॉल्थर, मोरिनी ही त्यातली नेहमीची नावं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात.

या पिस्तुलांत मॅगझिन मुठीत नसतं, ट्रिगरच्या पुढे असतं. वर सांगितलेलं काडतुसाच्या लांबीचं आणि मॅगझिनच्या रुंदीचं सगळं बंधन त्यानं एका फटक्यात संपतं. मुठीच्या जागी फ्रेमचा फक्त एक दांडा उरतो आणि त्याच्याभोवती अक्रोडाचं लाकूड हाताच्या आकाराचं कोरता येतं. तळहाताची घळ भरणारा फुगवटा, अंगठ्याची बैठक, बोटांचे चर, आणि खाली हाताच्या कडेला टेकणारा, वर-खाली सरकणारा फळा. याला पाम शेल्फ म्हणतात. शिवाय नळी फ्रेमला पक्की असते आणि मागे-पुढे फक्त आतला बोल्ट सरकतो, म्हणून साइट्स हलत नाहीत. वजन पुढे गेल्यानं नळी शांत राहते. .२२ ची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरनं गेली तरी तिचा रेटा ९ मिमीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असतो. पण पाच गोळ्या चार सेकंदांत झाडायच्या असतात तेव्हा पिस्तूल दर वेळी त्याच जागी परत यावं लागतं, आणि ते काम मुठीचं.

स्पर्धेचे नियम इथे कडक आहेत, आणि ते मुठीवरच जास्त आहेत. २५ मीटरचं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, ट्रिगरचा दाब कमीत कमी १००० ग्रॅम. ग्रिपचा कोणताही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये, मनगट उघडं दिसलं पाहिजे. पाम शेल्फचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, म्हणजे तो वर वळून हाताला कवेत घेता कामा नये. आणि नळीची मध्यरेषा बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे. २००४ च्या ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायरमध्ये, म्हणजे झटपट गोळ्या झाडण्याच्या प्रकारात, हाताला वेढणाऱ्या ग्रिप आणि .२२ शॉर्ट काडतूस चालत असे. त्यात नळी हाताच्या इतकी जवळ आणलेली असायची की उसळी जवळपास नाहीशीच व्हायची. ते बंद करून सगळ्यांना एकाच मापावर आणलं.

हात मोजायचा कसा

पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन बाहेर काढा, स्लाइड किंवा बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनं चाचपा. नळी सुरक्षित दिशेला. मोकळ्या हातानं पिस्तूल धरून बेचकं शेपटीखाली पूर्ण वर दाबा, मगच बोटं मिटा. आता वरून पाहा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आहेत का? नसतील तर ट्रिगर गाठण्यासाठी तुम्ही मूठ फिरवली आहे. असं पिस्तूल धक्का तळहातात न देता अंगठ्याच्या सांध्यात देतं, आणि महिन्याभरात तो सांधा दुखायला लागतो.

रेषा जुळत असेल तर तर्जनी ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराचा मांसल मध्य ट्रिगरवर, आणि बोट फ्रेमला न घासता, कागद सरकेल इतकी फट. बोट फार आत गेलं तर उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या बहुतेकदा उजवीकडे ओढल्या जातात, टोकच पोचत असेल तर डावीकडे ढकलल्या जातात. सीझेड ७५ किंवा बेरेटा ९२ सारख्या डबल ॲक्शन (ट्रिगरच हॅमर मागे नेऊन सोडतो अशा) पिस्तुलात ही तपासणी हॅमर खाली असताना करा, कारण पहिल्या गोळीला ट्रिगर बराच पुढे असतो. दुकानात कॉक केलेलं पिस्तूल हातात छान बसतं आणि रेंजवर पहिलीच गोळी भलतीकडे जाते, ती यामुळे.

लाकडी ग्रिपसाठी खडूची पूड हाताला चोळून पकड घ्या आणि हात सोडा. लाकडावर जिथे पांढरं उठलं नाही तिथे पोकळी आहे. ती जागा पेन्सिलीनं आखा. ग्रिप पिस्तुलावरून उतरवूनच काम करायचं, लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला की त्याचा १००० ग्रॅमचा दाब कुठल्या कुठे जातो. दोन घटकांची एपॉक्सी पुट्टी मळून २ मिमीपेक्षा जाड थर न देता लावा, वर पातळ प्लास्टिक ठेवून पकड घ्या, हात सोडा आणि २४ तास हात लावू नका. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १२०. त्याहून गुळगुळीत करू नका, घामात सटकतं. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका, आणि प्रत्येक बदलानंतर किमान चाळीस गोळ्या झाडा. ताज्या हाताला बरी वाटणारी पोकळी तिसाव्या गोळीला बोचते.

यातल्या चुका ठरलेल्या आहेत. तळहाताच्या बाजूला पुट्टी चढत जाते आणि ५० मिमीची मर्यादा ओलांडली जाते. स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर हे कळणं फार क्लेशदायक असतं, म्हणून घरी कॅलिपरनं मोजा. पाम शेल्फ घट्ट आवळला जातो. हात चिमटीत सापडतो, बोटं थरथरतात आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. शेल्फ हाताच्या कडेला नुसता टेकला पाहिजे, मध्ये कागद अडकून राहील पण ओढला तर निघेल इतकाच. हिवाळ्यात पुण्यात बसवलेला शेल्फ मे महिन्यात मुंबईत घट्ट लागतो, कारण उकाड्यात हात सुजतो. शेल्फच्या बाजूला दोन ऋतूंच्या दोन बारीक खुणा करून ठेवा. आणि मोठ्या मापाची ग्रिप घेऊन ‘नंतर कोरू’ म्हणणं सोपं आहे, पण अंगठ्याच्या सांध्याजवळचं लाकूड एकदा गेलं की पुट्टीनं तसं परत येत नाही. दोन मापांच्या मध्ये हात असेल तर लहान घ्या आणि भरत जा.

धातूच्या फ्रेमला किंवा पॉलिमरला कानस लावणं हे वेगळं प्रकरण. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, आणि शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. फ्रेमचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या, आणि कोरलेला क्रमांक कोणत्याही कामात पुसट होणार नाही याची खात्री करा.

पावसाळ्यात ग्रिपच्या पट्ट्यांच्या आत काय चाललं आहे, ते बाहेरून दिसत नाही. घाम लाकडातून झिरपतो, लाकूड आणि पोलाद यांच्या फटीत साचतो, आणि वरून चकाकणाऱ्या पिस्तुलाच्या फ्रेमला आतून तांबड्या गंजाचे ठिपके पडतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पट्ट्या उतरवा. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्या, नाहीतर खाच चिरडते. कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा बोटानं पुसट थर द्या, लाकडाच्या आतल्या बाजूला जवसाचं तेल चोळून रात्रभर वाळू द्या. स्क्रू परत लावताना दोन बोटांच्या जोरानं टेकला की थांबा. १९११ मध्ये हे स्क्रू फ्रेममध्ये नव्हे, फ्रेमला लावलेल्या छोट्या बुशिंगमध्ये (आट्यांच्या नळकांड्यात) बसतात. जास्त आवळलं की पुढच्या वेळी स्क्रूबरोबर बुशिंगच बाहेर येतं आणि फ्रेमचे आटे जातात. स्क्रू सारखा ढिला होत असेल तर त्याच्या डोक्याखाली रबराची बारीक रिंग घाला.